ओव्हनचे तापमान चुकत होते, ते असे जुळवले (माझा अनुभव)

लक्षण: ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १८० अंशांवर ठेवला की नानकटाई खालून काळी, आतून कच्ची. केक वरून फुटायचा. आधी ट्रे बदलला, मग वेळ कमी केला, मग खालचा रॉडच बंद ठेवला. काहीच जमले नाही. दिवाळीत दोन किलो मैदा वाया गेला, फार जीव तुटला.

आमच्या परभणीत संध्याकाळी व्होल्टेज पडते, म्हणून आधी त्यावर संशय होता. पण १८० व्होल्टला रॉडची ताकद २३० व्होल्टच्या साधारण ६१ टक्के उरते; त्याने ओव्हन उशिरा तापतो, जास्त नाही. म्हणजे दोष थर्मोस्टॅटचा, म्हणजे रॉड चालू-बंद करून तापमान राखणाऱ्या भागाचा.

मग ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. तो मधल्या जाळीवर, बरोबर मध्यभागी ठेवला. बटण १८०वर, वरखालचे दोन्ही रॉड चालू, ट्रे बाहेर. २५ मिनिटे दार उघडले नाही. पुढे दर पाच मिनिटांनी काचेतूनच आकडा वाचला, सहा वेळा. एका आकड्यावर विसंबू नका, रॉड चालू-बंद होतो तसा तो वरखाली होतोच. सरासरी आली २०५. बटण थोडे मागे घेत, दर वेळी २० मिनिटे थांबत गेले. १५५च्या खुणेवर सरासरी १८० मिळाली. ओव्हन गार झाल्यावर तिथे नेलपेंटचा ठिपका दिला. १६० आणि २००चे ठिपकेही असेच मोजून दिले, कारण फरक सगळीकडे सारखा नव्हता.

खात्रीसाठी साखर. ती साधारण १८६ अंशांना वितळते. १७५ला चमचाभर साखर १५ मिनिटांनी कोरडीच होती, १९०ला वितळली.

आता नानकटाई १८ मिनिटांत, खालून बदामी.