डॉट उसळतोय? बफर बदलण्याआधी या चुका टाळा

आमच्या स्क्वॉडमध्ये, म्हणजे नेमबाजी स्पर्धेतल्या गटात, दर महिन्याला कुणीतरी नवा बफर, म्हणजे दस्त्यातल्या ट्यूबमध्ये मागे-पुढे सरकणारं वजन, घेऊन येतो. गाडीच्या टेलगेटवर चटई पसरायची, बफर ट्यूब उघडायची, जुना बफर काढून नवा घालायचा, पाच गोळ्या झाडायच्या आणि जाहीर करायचं, "एकदम सॉफ्ट झाली!" मग स्टेजवर उभं राहिलं की दोन गोळ्यांमधलं अंतर आधीपेक्षा जास्त. हे मीही केलंय, दोन सीझन केलंय, म्हणून लिहितोय.

आधी संदर्भ. मराठी माणसाला नेमबाजी म्हटलं की बालेवाडी, दहा मीटर, नाहीतर २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधलं स्वप्निल कुसाळेचं ५० मीटर रायफलमधलं कांस्य आठवतं. पीसीसी, म्हणजे पिस्तूल कॅलिबर कार्बाइन, हा वेगळाच खेळ. खांद्याला दस्ता, आत ९ एमएमचं पिस्तुलाचं काडतूस, वर रेड डॉट, म्हणजे नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी साइट, आणि पळत पळत स्टेज. अमेरिकेत यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेने २०१६ मध्ये यासाठी स्वतंत्र डिव्हिजन आणली. भारतात ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर, त्यामुळे हे सगळं इथे टेक्सासमध्ये बसून लिहितोय आणि वाचणारेही बहुतेक इकडचेच असणार.

पहिली चूक: सॉफ्ट आणि फ्लॅट एकच समजणं

खांद्याला धक्का कमी लागला की बंदूक चांगली जुळली, असं वाटतं. पण तुम्हाला गुण खांदा देत नाही, डॉट देतो; आणि फ्लॅट म्हणजे गोळी सुटताना डॉट फारसा न हलणं. जड बफर घातला की मागचा ठोसा खरंच मऊ होतो. मात्र तेच वजन पुढे जाऊन आदळतं, तेव्हा नळीचं तोंड खाली डुबकी मारतं. डॉट वर जातो, परत येतो, लक्ष्याच्या खाली उतरतो आणि मग स्थिरावतो. ती डुबकी संपायची वाट बघण्यातच वेळ जातो.

हे डोळ्यांना कळत नाही. फोन ट्रायपॉडवर लावा, सेकंदाला २४० फ्रेमवर व्हिडिओ घ्या. बोल्टच्या (गोळी सुटली की मागे-पुढे धावणाऱ्या पोलादी ठोकळ्याच्या) एका फेरीत दहा-पंधरा फ्रेम मिळतात. नळीचं तोंड गोळी सुटताना वर जातंय की बोल्ट बंद होताना खाली जातंय, एवढंच बघा. वर जात असेल तर कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडाला लावलेलं, वायू वर सोडून नळी खाली दाबणारं उपकरण), पकड आणि उभं राहणं तपासा. खाली जात असेल तर वजन किंवा स्प्रिंग जास्त आहे. (पकड आणि उभं राहणं यांना पैसे लागत नाहीत, म्हणून ती कुणी तपासत नाही.)

दुसरी चूक: आधी स्प्रिंगला हात घालणं

साध्या ब्लोबॅक, म्हणजे बोल्टला कुलूप नसलेल्या कार्बाइनमध्ये गोळी नळीत असेपर्यंत बोल्टला धरून ठेवतं ते त्याचं वजन. स्प्रिंगचा त्यातला वाटा नगण्य. स्प्रिंगचं खरं काम म्हणजे मागे आलेल्या बोल्टला परत पाठवणं आणि जाता जाता मॅगझिनमधून पुढचा राउंड, म्हणजे काडतूस, उचलायला लावणं.

थोडं गणित करू. १२४ ग्रेनची गोळी म्हणजे सुमारे ८ ग्रॅम. ती सेकंदाला १०५० फूट, म्हणजे ३२० मीटर वेगाने जाते. पावडरच्या वायूचा वाटा बाजूला ठेवला, तर १५ औंसाचा बोल्ट आणि ३ औंसाचा साधा कार्बाइन बफर मिळून सेकंदाला सुमारे ५ मीटरने मागे येतात. तोच बफर ८ औंसाचा केला की वेग ४ मीटरच्या आत येतो. मागच्या टोकाला आदळणारी ऊर्जाही साडेसहा ज्यूलवरून पाचपर्यंत उतरते. हा फरक वजनाने पडला, स्प्रिंग तीच होती. जास्त ताणाची स्प्रिंग घालून धक्का कमी करायला गेलात, तर बोल्ट पुढे जोरात फेकला जाईल आणि ती डुबकी वाढेल.

उलट बाजूही आहे. बंदूक चपळ करायची म्हणून वजन काढत गेलात, तर नळीतला दाब पुरेसा उतरण्याआधीच पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, चेंबरमधून बाहेर यायला लागते. म्हणून प्रत्येक बदलानंतर पाच-सहा पुंगळ्या उचलून उजेडात धरा. बुडाशी, काठाच्या जरा वर, एका बाजूला फुगवटा दिसतोय? बाहेरून नेहमीपेक्षा जास्त काजळी आहे? बुडातल्या प्राइमरला (पावडर पेटवणाऱ्या टोपीला) भोक पडलंय? तिथेच थांबा आणि वजन परत घाला. फुगलेल्या पुंगळीची पुढची पायरी म्हणजे ती चेंबरच्या बाहेर फुटणं, आणि तेव्हा तुमचा गाल तिथून वीतभर अंतरावर असतो.

तिसरी चूक: बोल्ट किती मागे जातो, हे न मोजणं

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. एआर पद्धतीची, म्हणजे एआर-१५ रायफलच्या धर्तीची चौकट मुळात ५.५६ एमएमच्या राउंडसाठी आखलेली, आणि तो राउंड साधारण ५७ मिलिमीटर लांब. ९ एमएमचा राउंड ३० मिलिमीटरच्याही आत. म्हणजे साधा कार्बाइन बफर लावला की बोल्ट गरजेपेक्षा बराच मागे धावतो. त्या रिकाम्या धावेचे दोन तोटे होतात. वेळ फुकट जातो, आणि शेवटच्या गोळीनंतर बोल्ट परत येताना वेग घेऊन बोल्ट कॅचवर, म्हणजे मॅगझिन संपलं की बोल्ट उघडा धरणाऱ्या खटक्यावर, आदळतो.

माझा बोल्ट कॅच असाच गेला. मॅचच्या चौथ्या स्टेजला शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहिलाच नाही. घरी येऊन लोअर (ट्रिगर असलेला खालचा भाग) उलटी केली तर तुटलेला टवका ट्रिगरच्या खाली पडलेला. तो तिथे अडकून ट्रिगर चालला नसता, किंवा त्याहून वाईट काही झालं असतं. त्या दिवशी नशिबाने साथ दिली, बस.

मोजायची पद्धत सोपी आहे. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा. बोल्ट पूर्ण मागे ओढून धरा आणि पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीतून बघा. बोल्टचा चेहरा कॅचच्या मागे किती गेला? काही मिलिमीटर पुरेत. बोटाची रुंदी भरत असेल, तर लांब बफर तरी घ्या, नाहीतर ट्यूबच्या तळाशी स्पेसर तरी टाका.

इथे अमेरिकेतला जुना जुगाड म्हणजे क्वार्टर, पंचवीस सेंटचं नाणं. त्याचा व्यास २४ मिलिमीटरच्या किंचित वर, ट्यूब आतून साधारण एक इंच, त्यामुळे नाणं आत छान बसतं. एका नाण्याची जाडी १.७५ मिलिमीटर. एकेक टाकत जा आणि दर वेळी मोजा. गरजेपेक्षा जास्त नाणी एकदम टाकलीत तर बोल्ट राउंडच्या मागे पोचणारच नाही आणि तुम्ही मॅगझिनला दोष देत बसाल. नाणी टाकली की स्प्रिंगही तेवढी आधीपासून दाबलेली राहते, हे लक्षात ठेवा. म्हणजे एक बदल केला असं वाटत असताना प्रत्यक्षात दोन झालेले असतात.

जास्त वेढ्यांची स्प्रिंग घातली असेल तर आणखी एक तपासणी करा. बफरच्या रबरी बुडावर मार्कर फिरवा आणि वीस गोळ्या झाडा. शाई जशीच्या तशी राहिली, तर बफर तळाला टेकतच नाहीये, बहुधा त्याआधी स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडताहेत. अशी स्प्रिंग फार दिवस टिकत नाही.

चौथी चूक: दुसऱ्याची रेसिपी उचलणं

कुणीतरी जिंकतो, त्याच्या बंदुकीत अमुक औंसाचा बफर असतो, आणि आठवड्याभरात सगळ्या स्क्वॉडकडे तोच. पण त्याची बंदूक कुठल्या पद्धतीची? सिग एमपीएक्स गॅस पिस्टनवर चालते. जेपी-५ मध्ये एमपी५ सबमशीनगनसारखे रोलर आहेत. सीएमएमजीच्या रेडियल डिलेमध्ये बोल्ट फिरून उघडतो. या सगळ्यांत बोल्टला थोपवायचं काम नुसतं वजन करत नाही, त्यामुळे तिथला वजनाचा आकडा ब्लोबॅकमध्ये आणला तर धोका, आणि ब्लोबॅकचा तिथे नेला तर बंदूक अर्धवट उघडून अडकेल. रुगरच्या पीसी कार्बाइनमध्ये तर बोल्टच्या आतच सरकणारं टंगस्टनचं वजन आहे, तिथे बफर ट्यूबचा प्रश्नच नाही.

बंदूक तीच असली तरी गोळी तीच आहे का? यूएसपीएसएत पीसीसी फक्त मायनर (कमी ताकदीच्या काडतुसांच्या) गुणांवर चालते आणि पॉवर फॅक्टर १२५ लागतो. ग्रेनमधलं वजन गुणिले फुटांमधला वेग, भागिले हजार. १४७ ग्रेन आणि ९०० फूट म्हणजे १३२. कारखान्यातली ११५ ग्रेनची गोळी १६ इंची नळीतून १२५० फुटांनी निघाली तर जवळजवळ १४४. सरावाला स्वस्त डबा, मॅचला घरी भरलेली काडतुसं, आणि बफर मात्र एकच. मग रविवारी बंदूक परकी वाटली तर आश्चर्य नाही. जुळवणी मॅचच्या काडतुसांवरच करा. आणि मऊपणाच्या नादात १२६ वर टेकू नका. क्रोनोवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) १२५ च्या खाली गेलात तर दिवसभराचा स्कोअर शून्य.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

ट्रिगर बदललात की धक्काही बदलतो, कारण मागे येणारा बोल्ट दर वेळी हॅमर, म्हणजे आतला हातोडा, दाबतो. हलकी हॅमर स्प्रिंग घातली की बोल्ट थोडा मोकळा धावतो, आणि प्राइमरवरचा घावही हलका पडतो. "क्लिक" झालं आणि गोळी सुटली नाही, तर आधी इकडे बघा. बोल्ट कधी कधी बंद होताना उसळीही घेतो. आत सरकती वजनं असलेला डेड-ब्लो बफर त्यासाठीच असतो.

एकदा ट्रिगर दाबल्यावर दोन गोळ्या सुटल्या, तर मात्र काही जुळवत बसायचं नाही. बंदूक रिकामी करा, बॅगेत घाला, गनस्मिथकडे न्या. "एकदाच झालं" म्हणून पुढच्या स्टेजला उभं राहणाऱ्याच्या शेजारी मी उभा राहणार नाही.

आणि मॅगझिन. आमच्या एका मित्राची बंदूक दर मॅचला एकदा तरी अडकायची. बोल्ट राउंडवरून घसरून पुढे जायचा, राउंड खालीच. त्याने तीन बफर बदलले, दोन स्प्रिंगा, एक आख्खा बोल्ट. शेवटी बायकोने मॅगझिनांवर नेलपॉलिशने आकडे टाकून दिले. दोन रविवारांत कळलं की अडकते ती फक्त चार नंबरची. लांब एक्स्टेन्शन लावलं होतं, आत स्प्रिंग जुनीच होती. वेगाने परतणाऱ्या बोल्टसमोर राउंड वेळेत वर चढत नव्हता. पंधरा डॉलरची स्प्रिंग आणली. तिन्ही बफर अजून त्याच्या गॅरेजमध्ये आहेत, कुणाला हवे असतील तर तो विकायला तयार आहे.