ट्रस्टच्या रुग्णालयाचा इतिहास लिहायला घेताना

सुवर्णमहोत्सव किंवा शताब्दी जवळ आली की रुग्णालयाला आपला इतिहास हवा होतो. मग जुन्या स्मरणिका निघतात आणि त्यातलाच मजकूर पुन्हा छापला जातो. देणगी कोणी दिली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, हे त्यात असतं. छोटं सूतिकागृह मोठं कसं झालं, पैसा कुठून आला आणि मधली दहा वर्षं वाढ का थांबली होती, हे मात्र नसतं. ते कागदांत असतं. कागद पुढच्या क्रमाने काढले तर काम सोपं होतं.

सुरुवात धर्मादाय कार्यालयातून करा. ट्रस्टच्या नोंदणी क्रमांकातलं अक्षर आधी बघा. ‘ई’ असेल तर तो सार्वजनिक न्यास, ‘एफ’ असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था. परिशिष्ट १ चा उतारा मागा. कार्यालयात त्याला सगळे ‘शेड्यूल वन’ म्हणतात. उद्देश, विश्वस्त, स्थावर मालमत्ता आणि नंतरचे बदल त्यावर असतात. नोंदणीची तारीख म्हणजे स्थापनेची तारीख असं धरू नका, ही चूक सर्रास होते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाच १९५० चा आहे. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं, पुण्याचं केईएम रुग्णालय १९१२ चं. अशा जुन्या संस्थांचा जन्म त्या नोंदवहीत सापडायचा नाही. ट्रस्टची स्थापना, कोनशिला, पहिली ओपीडी आणि पहिला दाखल रुग्ण या चार तारखा वेगळ्या लिहा आणि प्रत्येकीसमोर कागदाचं नाव टाका.

त्यानंतर याच कायद्याच्या कलम २२ खालचे बदल अहवाल, म्हणजे चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलला, जमीन आली किंवा गेली, की ९० दिवसांत तो दाखल करावा लागतो. दोन गटांचा वाद असेल तर तो वर्षानुवर्षं पडून राहतो. नेमक्या त्या काळात इमारतीचं काम थांबलेलं दिसलं तर दोन्ही तारखा शेजारी मांडा. पण वादामुळेच काम थांबलं, असं ठरावांच्या वहीत सापडल्याशिवाय लिहू नका. जमीन विकायची किंवा लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची तर कलम ३६ ची परवानगी लागते. त्या आदेशात ट्रस्टची आर्थिक अडचण बहुतेक वेळा स्पष्ट शब्दांत लिहिलेली असते. जमीन सरकारी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा मूळ वाटप आदेश मिळवा. वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली जमीन सहसा परवानगीशिवाय गहाण टाकता येत नाही. बँकेचं कर्ज का मिळालं नाही, याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

नकला थेट मिळाल्या नाहीत तर धर्मादाय कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. अर्जात विषय एकच हवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं लिहिलेला अर्ज हमखास परत येतो. नोंदणी क्रमांक, कागदाचं नाव आणि वर्षं द्या.

खरा इतिहास ताळेबंदात आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यायला हवा. परिशिष्ट ८ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट ९ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. निदान दर पाचव्या वर्षाचा एक तरी संच मिळवा. उत्पन्न चार रकान्यांत लावा: रुग्णांची फी, देणग्या, सरकारी अनुदान, आणि सरकारी आरोग्य योजनांकडून उपचारांपोटी मिळणारे दावे. परदेशी देणगीचा हिशेब १९७६ च्या कायद्यापासून वेगळा ठेवावा लागतो, म्हणून मिशनच्या रुग्णालयांत तोही काढा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या अखेरीस राज्यभर गेली. तिच्यात सामील झालेल्या रुग्णालयाचा चौथा रकाना त्यानंतर फुगतो. दावे थकले तर येणे रक्कमही फुगते आणि नफा दिसत असूनही हाती रोकड नसते. नुसतं उत्पन्न बघणारा इथे फसतो.

यंत्रसामग्रीच्या आकड्यात १९८८ ते १९९४ दरम्यान एकदम उडी दिसली तर सीमाशुल्काची अधिसूचना ६४/८८ आठवा. तिच्याखाली परदेशी यंत्रं करमुक्त आणता येत. अट अशी की बाह्यरुग्णांपैकी ४० टक्के फुकट तपासायचे आणि महिना ५०० रुपयांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी १० टक्के खाटा राखायच्या. सवलत १९९४ मध्ये गेली, पण अटी पाळल्या का याची विचारणा नंतरही होत राहिली. त्यामुळे त्या काळातली मोफत रुग्णांची वही कुठे आहे, हे जरूर विचारा.

आयकराच्या फाइलीतला फॉर्म १० सहसा कोणी उघडत नाही. धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशासाठी खर्चावा लागतो. तेवढा झाला नाही तर कारण सांगून तो पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येतो. ते कारण म्हणजेच त्या वेळचं विस्ताराचं स्वप्न. नवा आयसीयू बांधायचं ठरलं होतं आणि बांधला गेला नाही, हेही तिथे कळतं. अर्धवट राहिलेल्या बेतांना इतिहासात जागा हवीच.

आता खाटा. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये आल्या तेव्हा ४० खाटा होत्या, पुढे त्या ५५० च्या घरात गेल्या. असे आकडे महत्त्वाचेच, पण मंजूर खाटा आणि चालू खाटा यांत फरक असतो. नर्सिंग होम नोंदणीचा ‘फॉर्म सी’ मंजूर आकडा सांगतो. चालू आकडा वॉर्डच्या मध्यरात्रीच्या गणनेत मिळतो. वर्षाचे एकूण रुग्णदिवस (रोजच्या दाखल रुग्णांची वर्षभराची बेरीज) भागिले (खाटा गुणिले ३६५), त्याला १०० ने गुणलं की खाटांचा वापर टक्क्यांत निघतो. १०० खाटा आणि २५,५५० रुग्णदिवस म्हणजे ७० टक्के. खाटा वाढल्या आणि टक्केवारी घसरली तर कदाचित परिचारिका कमी पडल्या असतील. पगारपत्रक ताडून बघा. जुने केसपेपर मिळतील अशी आशा धरू नका. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवण्याचं बंधन असल्याने पुढे त्या रद्दीत जातात. दाखल-डिस्चार्ज आणि प्रसूती यांची रजिस्टरं मात्र टिकतात.

गरिबांसाठी काय केलं, याला विशेषणं नकोत, पुरावा हवा. १७ ऑगस्ट २००६ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खालची योजना अशी आहे: १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. या निधीचं खातं वेगळं असतं. जमा आणि खर्च दरवर्षी मांडा. शिल्लक वाढतच गेली असेल तर तेही छापा, विश्वस्तांना आवडो न आवडो.

काही संस्थांची वाढ खाटांत दिसतच नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्याच्या कामाचा कणा गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या आहेत. अशा ठिकाणी गावांची यादी, प्रशिक्षणाच्या वह्या आणि बालमृत्यूच्या नोंदी हेच मुख्य साधन.

मुलाखती शेवटी घ्या, म्हणजे नेमकं विचारता येतं. विश्वस्तांच्या आधी निवृत्त मेट्रन, लेखनिक, स्टोअरकीपर आणि आयाबाई यांना गाठा. सोबत वॉर्डचा जुना नकाशा किंवा फोटो न्या. वर्ष आठवत नसेल तर ‘कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर’ असं विचारा. बोलणं ध्वनिमुद्रित करायला आणि नाव छापायला वेगवेगळी लेखी संमती घ्या. रुग्णाचं नाव रजिस्टरमध्ये दिसलं तरी उतरवून घेऊ नका. वय, गाव आणि वर्ष एवढं पुरतं, आणि गाव अगदी लहान असेल तर फक्त तालुका लिहा.