उथळ पाण्यात रेडफिश गरवताना या चुका टाळा

टेक्सासच्या किनाऱ्यावर, गॅल्व्हस्टनच्या खाडीपासून दक्षिणेकडच्या लगूना माद्रेपर्यंत, रेड ड्रम हा मासा गुडघाभर पाण्यातही सापडतो. बोलीत त्याला रेडफिश म्हणतात. अंग तांबूस, शेपटीच्या बुंध्याशी काळा ठिपका आणि तळाशी चरण्यासाठी खालच्या बाजूला वळलेले तोंड ही त्याची ओळख. आपले घोळ आणि ढोमा हे मासे याच कुळातले. ह्यूस्टन परिसरात स्थायिक झालेल्या ज्या मराठी मंडळींनी कोकणात धक्क्यावर बसून गरी टाकलेली असते, त्यांना वाटते की आमिष लांब फेकावे आणि वाट पाहावी. खोल पाण्यात ते चालते; उथळ पाण्यात मात्र मासा आमिषाजवळ येण्याआधीच आपल्या चाहुलीने निघून गेलेला असतो.

म्हणूनच सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे आवाज. या कुळातले मासे वाताशयाभोवतीचे (पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचे) स्नायू हलवून ढोलासारखा आवाज काढतात (ड्रम हे नाव त्यावरूनच पडले) आणि त्यांना ऐकूही चांगले येते. होडीच्या तळावर आपटलेला डबा, शेवटपर्यंत चालू ठेवलेले इंजिन, पाण्यातून छपछप टाकलेली पावले, यांपैकी एकही गोष्ट सगळा थवा उधळून लावायला पुरेशी असते. इंजिन बरेच दूर बंद करावे आणि उरलेले अंतर बांबूसारख्या काठीने होडी ढकलत किंवा पाण्यात उतरून कापावे. पाण्यातून चालताना पाऊल उचलून न टाकता तळावरून सरपटत पुढे न्यावे. त्याने आवाज तर कमी होतोच, पण वाळूत दडलेली पाकटही (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) धक्का लागण्याआधी निघून जाते. पाकटीवर पाय पडला तर त्या दिवसाची मासेमारी तिथेच संपते.

दुसरी चूक आमिष थेट माशाच्या डोक्यावर टाकण्याची. मासा दिसला की हात शिवशिवतात, हे मान्य. परंतु आकाशातून काहीतरी कोसळले की मासा ते खाण्याऐवजी पळण्याचाच विचार करतो. तो पोहत असेल तर त्याच्या वाटेवर चार ते सहा फूट पुढे आणि किंचित पलीकडे आमिष टाकावे, आणि त्याच्या मार्गात येईल असे हळूहळू ओढावे. ओढताना ते त्याच्याकडे चाल करून जाणार नाही हे पाहावे, कारण कोळंबी किंवा चिंबोरी भक्षकाच्या अंगावर कधीच धावून जात नाही. डोके खाली आणि शेपटी पाण्याबाहेर काढून तो तळ उकरत असेल तेव्हा मात्र हिशेब बदलतो. त्याची नजर चिखलात गुंतलेली असल्याने चार फुटांवरचे आमिष त्याला दिसतच नाही. ते हळुवारपणे फूट-दोन फुटांवर उतरवावे लागते. यासाठी पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा हवाच, आणि सूर्य शक्यतो पाठीशी ठेवावा, मात्र आपली सावली माशावर पडू देऊ नये.

शेपटी दिसली म्हणजे रेडफिशच, असेही समजू नये. ब्लॅक ड्रमही तसाच तळ उकरतो, पण त्याच्या हनुवटीवर मिशांसारखे तंतू असतात आणि रेडफिशच्या नसतात.

पाणी मिळूनही मासा मिळाला नाही, की लोक आमिषाला दोष देतात. दोष बहुधा जागेच्या निवडीत असतो. आपल्याकडे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) पाहून दिवस ठरवतात. मेक्सिकोच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक इतका थोडा असतो की कित्येकदा वाराच पाण्याची पातळी ठरवतो. हिवाळ्यात थंड उत्तरेचा वारा सुटला की तो गॅल्व्हस्टनच्या खाडीतले पाणी समुद्राकडे ढकलतो, आणि काल जिथे मासे चरत होते तिथे आज नुसता चिखल उरतो. अशा वेळी उथळ पठाराला लागून असलेले खोलगट नाले आणि कालवांच्या खडकांच्या कडा पाहाव्यात. पाणी चढते असेल तर गवताच्या बुडालेल्या कडा गाठाव्यात. थंडीत पहाटे धावपळ करण्यापेक्षा दुपारी जावे, कारण तळाचा काळा चिखल तोवर उन्हाने तापलेला असतो. पृष्ठभागावर बोयी या लहान माशांचा थवा घाबरून उसळताना दिसला, तर नकाशा बाजूला ठेवून तिकडे वळावे.

गळाबाबत एक सवय मोडावी लागते. आमिषासाठी टोक आत वळलेला वर्तुळाकार गळ वापरत असाल, तर ओढ जाणवताच हिसका देऊ नये. दोरी ताणत सावकाश गुंडाळली की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिला तर तो तोंडातून निसटतो. रीलचा ड्रॅगही (दोरी किती जोराने सुटेल ते ठरवणारा ब्रेक) आधीच सैलसर ठेवावा, कारण पहिल्या धावेत रेडफिश दोरी तोडण्याइतका जोर लावतो आणि घट्ट आवळलेला ड्रॅग त्याला मदतच करतो. गवताळ जागी उघड्या गळाच्या चमच्याला (चमकत्या धातूच्या पात्याचे खोटे आमिष) प्रत्येक फेकीत शेवाळ चिकटते. तिथे गवत न अडकणारा सोनेरी चमचा बरा.

मोजमापात ढिलाई करू नये. टेक्सासमध्ये 20 ते 28 इंच लांबीचेच मासे, आणि दिवसाला माणशी 3, ठेवता येतात. तोंड मिटवून आणि शेपटी चिमटून एकूण लांबी मोजावी. 28 इंचांहून मोठा मासा मासेमारीच्या परवान्यासोबत मिळणाऱ्या टॅगशिवाय (खूणचिठ्ठीशिवाय) ठेवणे बेकायदा आहे. फ्लोरिडात मर्यादा 18 ते 27 इंच आहे, त्यामुळे राज्य बदलले की नियम पुन्हा वाचावेत. सोडायचा मासा कोरड्या हाताने धरू नये, कल्ल्यांत बोटे घालू नयेत, आणि गळ खोल गेला असेल तर तो ओढण्याऐवजी दोरी जवळून कापावी. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात तो दमलेला असतो. पाण्यात सरळ धरून ठेवावा आणि शेपटीने जोर लावला की हात मोकळा करावा.