कुरणात बदकांची घरटी टिकत नाहीत? चराईतल्या या चुका टाळा

नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात थापट्या आणि तलवार बदकं पाण्यावर दिसतात, म्हणून घरटंही पाण्याकाठीच असणार असं आपण धरून चालतो. याच जातींची बदकं उत्तर अमेरिकेत, डाकोटापासून सास्काचेवानपर्यंतच्या खळग्या-तळ्यांच्या माळरानावर, कोरड्या गवतात अंडी घालतात. कधीकधी पाण्यापासून किलोमीटरभर लांब. त्याच गवतावर गुरंही चरतात.

सगळ्यात मोठी चूक आदल्या वर्षीच होऊन गेलेली असते. तलवार बदकाची मादी एप्रिलमध्येच जागा शोधू लागते. तेव्हा नवं गवत जेमतेम डोकं वर काढत असतं. तिला लपवतं ते गेल्या वर्षीचं उभं वाळकं गवत. ऑक्टोबरात गुरांनी माळ खरडून खाल्ला असेल, तर मे महिन्यात चराईत केलेली काटकसर फुकट. म्हणून घरटी मुळातच कमी असतील, तर आधी शेवटच्या चराईनंतर किती गवत उभं राहिलं ते आठवा.

दुसरी चूक घाईची. मादी रोज एक याप्रमाणे आठ-दहा अंडी घालते आणि पुढे साधारण साडेतीन आठवडे उबवते, म्हणजे एका घरट्याला पाच आठवडे लागतात. गवताला तीन-साडेतीन पानं फुटण्याआधी गुरं सोडली तर गवतही खचतं आणि आडोसाही जातो. दरवर्षी त्याच पट्ट्यातून सुरुवात करू नका, पाळी बदला.

मग गुरं बंदच केली तर? आपल्याकडेही हा उपाय पटकन सुचतो. पण तिथे मोकळ्या सोडलेल्या माळावर केंटकी ब्लूग्रास आणि ब्रोमसारखी बाहेरून आलेली गवतं माजतात, वाळक्या काडीकचऱ्याचा थर साचतो. थोडी चराई लागतेच.

खुरांखाली अंडी फुटतात हा आरोपही बराचसा खोटा. फार दाट कळप कोंडला तर धोका वाढतो, एरवी घरटी जातात ती कोल्हा, स्कंक आणि रॅकून अशा शिकारी प्राण्यांच्या तोंडात. मॅलार्ड जातीच्या बदकांची संख्या टिकायला शंभरातली पंधराएक घरटी यशस्वी झाली तरी भागतं, म्हणजे आडोशाचा थोडा फरकही मोलाचा.

घरट्यांच्या तपासणीसाठी दोन गाड्यांमध्ये साखळी बांधून ती गवतावरून ओढतात. मादी उडाली की घरटं सापडतं. खुणेची काठी मात्र घरट्याजवळ रोवू नका, काही पावलं दूर रोवा. निघताना अंडी पिसांनी आणि गवताने झाका.