गाडी गचके देते, बंद पडते: पेट्रोल कुठं अडलंय?

आधी गाडी कोणती ते बघा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचा नियम) मोटारसायकली बहुतेक इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल दाबानं फवारणाऱ्या. त्यांच्या टाकीत विजेवर चालणारा पंप असतो. जुन्या कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) १०० सीसी गाड्यांत पंप नसतोच, पेट्रोल उतारानं खाली येतं.

जुनी गाडी दहा-पंधरा मिनिटं चालून थांबत असेल तर टाकीचं झाकण उघडा. हवा शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालली, तर झाकणातलं बारीक छिद्र बुजलंय. मराठवाड्यात शेतरस्त्याच्या फुफाट्यानं हे हमखास होतं, आणि लोक विनाकारण कार्बोरेटर खोलतात.

तसं नसेल तर इंजिन थंड होऊ द्या. टाकीखालच्या कॉकचा (पेट्रोलच्या तोटीचा) पाइप काढून बाटलीत धरा. धार अखंड पाहिजे. थेंब पडत असतील तर कॉकची जाळी धुवा. धार ठीक असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडा. तळाशी पाण्याचे गोळे दिसले तर टाकीही रिकामी करा.

फक्त चोकवरच चालते, रेस सोडली की बंद पडते? कार्बोरेटरमधलं पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, चोंदलंय. क्लीनर मारून हवेनं फुंका. तार कधीच घालू नका: पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, अ‍ॅव्हरेज पडतं. कार्बोरेटरमधून पेट्रोल ओव्हरफ्लो होत असेल तर फ्लोटची (आतल्या तरंगत्या भागाची) सुई झिजलीय किंवा तिच्याखाली कचरा आहे.

इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद घूंऽऽ आवाज येतो. आला नाही तर आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), फ्यूज, बॅटरी तपासा, मग पंप. टाकी सतत रिझर्व्हवर ठेवू नका. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.