दोन दिवसांची मुंबई: आधी दुपारचं जेवण ठरवा, मग बाकीचं

पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून सारखं कोणी ना कोणी विचारत असतं, शनिवार-रविवार मुंबईत येतोय, काय बघू, कुठे खाऊ. सोबत कुठल्यातरी रीलमधून उतरवलेली लिस्ट असते. सकाळी वांद्र्याचा कॅफे, दुपारी कुलाबा, चारला जुहू, रात्री मोहम्मद अली रोड. ही लिस्ट करणाऱ्याने मुंबईत एक अख्खा दिवस पायी काढलेला नसतो, कारण या प्लॅनमध्ये निम्मा दिवस टॅक्सीत बसून सिग्नल मोजण्यात जातो आणि खाल्लेलं काहीच नीट लक्षात राहत नाही. मी पाहुण्यांना फिरवते तेव्हा काय करते ते सांगते.

राहायचं दादरला नाहीतर फोर्टात. स्वस्त मिळते म्हणून लांब उपनगरात रूम घेऊ नका, रात्री दमून परत जाताना रडकुंडीला याल.

शनिवार फोर्टचा, रविवार दादर-माटुंग्याचा. उलटं करू नका. रविवारी फोर्टात रस्ते मोकळे असतात, फोटो छान येतात हे खरं, पण तिथली बरीच जुनी खानावळवजा ठिकाणं ऑफिसच्या गिऱ्हाइकावर चालतात, त्यामुळे रविवारी शटर खाली असतं आणि तुम्ही उपाशीपोटी बर्गर शोधत फिरता. एलिफंटा या दोन दिवसांत बसवू नका. बोट धरून जाऊन यायचं म्हणजे अर्ध्याहून जास्त दिवस गेला, त्यासाठी वेगळे या, आणि सोमवारी लेणी बंद असतात.

आता खरी अवघड गोष्ट, दुपारचं जेवण. सगळ्यांची ट्रिप इथेच फसते आणि मलाही याचं गणित बसायला बरीच वर्षं लागली. लोक आधी बघायची ठिकाणं ठरवतात आणि जेवण "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडतात. मग एक वाजता भूक लागते, फोर्टातलं प्रत्येक टेबल भरलेलं असतं, बाहेर वेटिंग, बरोबरचं पोरगं कुरकुरतंय, आणि शेवटी जे मोकळं दिसेल तिथे घुसतात. मोकळं का आहे हे पहिल्या घासाला कळतं. म्हणून दुपारचं जेवण आधी पक्कं करायचं आणि सकाळ-संध्याकाळचा रस्ता त्याच्या दोन्ही बाजूंना आखायचा.

वेळेचं सांगायचं तर बाराच्या ठोक्याला दारात उभं राहा, नाहीतर सव्वादोननंतर जा. मधला वेळ ऑफिसवाल्यांचा. पण सव्वादोनचं धाडस सगळीकडे करू नका, कारण बरीच जुनी ठिकाणं तीन-चारला किचन बंद करतात आणि नावाजलेला पदार्थ त्याआधीच संपलेला असतो. निघायच्या आधी फोन करून आज चालू आहे ना एवढं विचारायचंच. साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळी असते आणि नेटवरच्या वेळा जुन्या असतात, त्यांच्यावर मुळीच विसंबू नका.

दुसरं, सकाळी पोट भरून निघू नका. हॉटेलच्या भाड्यात ब्रेकफास्ट फुकट आहे म्हणून पुरी-भाजी, ऑम्लेट, उपमा सगळं हाणून निघालेला माणूस बाराला काय जेवणार? सकाळी धोबी तलावला, मेट्रो सिनेमासमोरच्या कयानीत बसा. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल आहे. एक चहा, दोघांत एक ब्रुन मस्का (कडक पावाला लोणी), बस. ब्रुन बाहेरून कडक असतो, चहात बुडवून जरा थांबलं की कवच नरम पडतं आणि चहावर लोण्याचे बारीक पिवळे थेंब तरंगायला लागतात, तेव्हाच उचलायचा, अजून थांबलात तर तुकडा कपात. गर्दीत अनोळखी माणूस तुमच्याच टेबलावर येऊन बसेल, इथे तशीच पद्धत आहे, सरकून जागा द्या. आणि खाऊन झाल्यावर गप्पा मारत टेबल अडवू नका.

तिथून चालत सीएसएमटी. रस्त्याच्या पलीकडे, महापालिकेच्या बाजूला उभं राहून बघा, आत शिरून नुसता प्लॅटफॉर्म बघून बाहेर येऊ नका. पालिकेची इमारत आणि स्टेशन दोन्ही फ्रेडरिक स्टीव्हन्सचीच, स्टेशनचं काम १८७८ ला सुरू झालं होतं, पालिकेची इमारत १८९३ ची. मान वर करून दगडातले मोर, माकडं, पानं शोधा, लहान मुलं यात अर्धा तास रमतात. मग बॅलार्ड इस्टेटपर्यंत रमतगमत चालत बारा वाजतात आणि तिथे १९२३ पासूनचं ब्रिटानिया हे हॉटेल आहे. बेरी पुलाव दोघांत एक पुरतो, प्रत्येकी एक मागवू नका. त्यातल्या इराणी बेऱ्या आंबट असतात, भाताबरोबरच खायच्या, वेचून बाजूला काढायच्या नाहीत. सल्ली बोटी (बटाट्याच्या सळ्या घातलेलं पारशी मटण) एक, शेवटी कॅरमल कस्टर्ड. शाकाहारी असाल तर मात्र हट्टाने इथे येऊ नका, काळबादेवीला ठाकर भोजनालयात गुजराती थाळी खा, ते सगळं जेवणच तुमच्यासाठी आहे.

जेवणानंतरचा रस्ता सोपा. हॉर्निमन सर्कल, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, हुतात्मा चौक, मग ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की एका बाजूला हायकोर्ट आणि १८७८ चा राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको बिल्डिंगांची रांग, हा सगळा पट्टा २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. ऊन उतरल्यावर मरीन ड्राइव्ह. चर्चगेटजवळ के. रुस्तमचं बिस्किटात धरलेलं आइस्क्रीम घ्या आणि हातात धरून फिरू नका, लगेच खा, वितळतं. रात्री हलकंच, चौपाटीची भेळ पुरे.

रविवारी लवकर उठा, यावर मी ऐकून घेणार नाही. उजाडता दादरचा फुलबाजार, मग सेंट्रलने एक स्टेशन माटुंगा. तिथलं राम आश्रय हे दाक्षिणात्य हॉटेल पहाटेच उघडतं. साडेसातच्या आत पोचलात तर इडली-अननस शिरा आरामात, नऊला गेलात तर फुटपाथवर नाव सांगून उभं राहायचं आणि आतून येणाऱ्या सांबाराच्या वासावर तासभर काढायचा. कॅफे मद्रासचंही तेच.

दुपारी दादर पश्चिमेला मालवणी जेवण, इथेही बाराचा नियम. सुरमई थाळी डोळे झाकून मागवू नका, आज ताजं काय आलंय ते वाढणाऱ्या दादांना विचारा, ते खरं सांगतात. बोंबील फ्राय असेल तर घ्याच. वरचा रवा कुरकुरीत आणि आत मासा जवळजवळ पाण्यासारखा मऊ लागला पाहिजे, चिवट लागला तर समजायचं ताजा नव्हता. सोलकढी फिकट गुलाबी असते, भडक गुलाबी आली तर रंगाचा संशय धरा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या पापलेटची अपेक्षा ठेवू नका, कोंबडी-वडे मागवा. शाकाहारी मंडळींनी दादरच्याच प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियुष. मग शिवाजी पार्कचा कट्टा.

फिरण्याबद्दल एवढंच: वांद्रे-सायनच्या दक्षिणेला रिक्षा मिळत नाही, टॅक्सीच. भुयारी मेट्रो २०२५ पासून कफ परेडपर्यंत गेलीय, सामान असेल तर दादर ते हुतात्मा चौक तीच बरी. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक असतो, साधारण अकरा ते चार, कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारीच बघून ठेवा.

परतीची गाडी संध्याकाळची असेल तर दादरहूनच पकडा. घरच्यांसाठी खाऊ घ्यायचा तर स्टेशनबाहेर, जेवण झाल्यावर लगेच घ्या, पाचनंतर त्या गर्दीत पिशव्या सांभाळत जिना चढणं फार त्रासाचं होतं.