छापलेला फोटो काळपट येतो? आधी मॉनिटर जुळवून घ्या

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांचा अल्बम मी घरच्या कॉम्प्युटरवर तयार केला. स्क्रीनवर फोटो छान उजळ दिसत होते. छापून आले तेव्हा मात्र आईच्या जांभळ्या शालूचे काठ अंधारात बुडालेले. दोष छपाईत नव्हता. माझा मॉनिटर गरजेपेक्षा फार प्रखर होता, त्यामुळे मुळात काळपट असलेले फोटोही मला उजळ वाटत होते. घरी अल्बम, पत्रिका किंवा अंकाचं मुखपृष्ठ करणाऱ्या अनेकांच्या बाबतीत हेच होतं. म्हणून रंगांच्या आधी उजेडाकडे बघा.

मॉनिटर सुरू करून अर्धा तास तसाच राहू द्या, तेवढ्यात त्याचा उजेड स्थिर होतो. स्क्रीन मऊ कापडाने पुसा. नाइट लाइट, इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आपोआप कमीजास्त होणारा ब्राइटनेस, हे सगळं बंद करा. नाहीतर तुम्ही एक जुळवाल आणि मॉनिटर दुसरंच करेल. खिडकीचं ऊन स्क्रीनवर पडत असेल तर पडदा ओढा. शक्यतो संध्याकाळी, ज्या दिव्याखाली नेहमी काम करता तोच लावून बसा.

आता मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड आहे का बघा. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेलं हे रंगांचं माप आजही वेबवर आणि बहुतेक फोटो छपाईत चालतं. काही मॉनिटर या मोडमध्ये ब्राइटनेस बदलू देत नाहीत. तसं असेल तर यूझर किंवा कस्टम मोड घ्या आणि कलर टेम्परेचर ६५०० ठेवा. ९३०० किंवा ‘कूल’ निवडलंत तर पांढऱ्यावर निळी झाक येते. आपल्याकडे ‘कूल डेलाइट’ ट्यूबलाइटच्या खोक्यावर हाच ६५०० केल्व्हिनचा आकडा असतो, म्हणून अशा ट्यूबखाली कागद आणि स्क्रीन शेजारी ठेवून बघणं सोपं जातं. पिवळ्या बल्बखाली हा ताळमेळ बसत नाही.

ब्राइटनेससाठी एक कोरा पांढरा कागद पुरतो. स्क्रीनवर रिकामं पांढरं पान उघडा, कागद शेजारी धरा आणि ब्राइटनेस हळूहळू उतरवा. स्क्रीन दिव्यासारखी न वाटता कागदासारखी वाटू लागली की थांबा. साधे मॉनिटर २५० ते ३५० निट्सपर्यंत (निट हे स्क्रीनचा उजेड मोजण्याचं एकक) उजेड देतात. छपाईच्या कामाला ८० ते १२० निट्स पुरतात. पहिले दोन दिवस स्क्रीन मंद वाटेल. तेवढं सोसा, डोळे सरावतात.

मग काळा-पांढरा तपासा. कुठल्याही चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये पूर्ण काळी पाटी करा आणि तिच्यावर लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे आकडे ५, मग १०, मग १५ ठेवून चौकोन काढा (तिन्ही ० म्हणजे पूर्ण काळा, तिन्ही २५५ म्हणजे पूर्ण पांढरा). १०चा चौकोन जेमतेम दिसायला हवा. पांढऱ्या पाटीवर २४५ आणि २५०चे चौकोन काढा. ते दिसत नसतील तर कॉन्ट्रास्ट कमी करा. काळा रंगच राखाडी दिसत असेल आणि मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला असेल, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘लिमिटेड’ रेंज निवडली गेली आहे का बघा. ती टीव्हीसाठीची १६ ते २३५ची रेंज आहे, कॉम्प्युटरला ‘फुल’ लागते.

विंडोजच्या शोधपट्टीत ‘कॅलिब्रेट डिस्प्ले कलर’ असं इंग्रजीत टाइप केलंत की गॅमाचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारे, गोल दिसतील. गोलांच्या मधले ठिपके पुसट होईपर्यंत पट्टी सरकवा. शेवटी करड्या पट्ट्या येतात. त्यांत गुलाबी, हिरवी किंवा निळी झाक दिसली तर तो रंग अगदी थोडा कमी करा. इथे हात आवरता घ्या. समोरच्या झाकेची डोळ्यांना मिनिटभरात सवय होते आणि चुकलेला रंगही बरोबर वाटू लागतो. म्हणून मधेच नजर खिडकीबाहेर न्या आणि पुन्हा बघा. पैसे घेऊन छपाईची कामं करत असाल तर स्क्रीनवर टेकवून रंग मोजणारा कलरीमीटर घ्याच. हे काम डोळ्यांच्या भरवशावर सोडू नये.

सगळं जुळलं की मेनूतले आकडे वहीत लिहून ठेवा, कारण घरात दुसरं कुणी बटणं दाबतंच. अख्खा अल्बम छापायला देण्याआधी एकच चार बाय सहाचा फोटो छापून आणा, तोही गडद साडीचा किंवा काळ्याभोर केसांचा. त्याच ट्यूबखाली तो स्क्रीनशेजारी धरा. प्रिंट अजूनही काळपट वाटली तर फोटोला हात लावू नका. आधी स्क्रीन प्रिंटसारखी दिसेपर्यंत ब्राइटनेस आणखी उतरवा, आणि मग तो फोटो उजळायला घ्या.